नव्वद मिनिटांत एक सोमाइट

कोंबडीच्या भ्रूणाचं वय तासांत विचारू नये, सोमाइटांत विचारावं. अंडं उबवायला ठेवून किती तास झाले ते इनक्युबेटरच्या वहीत लिहिलेलं असतं, पण दोन अंडी एकाच वेळी ठेवली तरी आतले भ्रूण एकाच टप्प्यावर नसतात. एक कोंबडीच्या पोटातच थोडा पुढे गेलेला असतो, दुसरा साठवणीत रेंगाळलेला असतो. म्हणून या कामातली माणसं पाठीवरचे ठोकळे मोजतात. मज्जानलिकेच्या डाव्या-उजव्या बाजूला जोडीजोडीने तयार होणारे हे ठोकळे म्हणजे सोमाइट, मराठीत कायखंड. पुढे मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू आणि पाठीच्या कातडीचा आतला थर त्यांच्यापासूनच बनतो.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड पाहिलेल्या असतात. मीही पाहिल्या, जर्नलमध्ये पेन्सिलीने आकृत्या काढल्या, बाण काढून नावं दिली, सह्या घेतल्या. त्या आकृतीत सोमाइट शेजारी शेजारी मांडून ठेवल्यासारखे दिसतात. पण ते एकदम उमटत नाहीत. डोक्याकडून शेपटाकडे एकामागून एक, ठरलेल्या अंतराने वेगळे होत जातात: कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी, झेब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाने, उंदरात साधारण दोन तासांनी, माणसात साधारण पाच तासांनी. ही वेळ कोण पाळतं? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि मार्गदर्शक मॅडमनी नेमका हाच प्रश्न हातात दिला. १९९७ साली ज्या प्रयोगाने उत्तराची सुरुवात झाली, तो आधी स्वतःच्या हाताने करायचा, मग तापमान बदलून काय होतं ते पाहायचं.

पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावरचं काम जुनं आहे. डॉ. लीला मुल्हेरकर एडिनबर्गला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून आल्या आणि त्यांनी पुणे विद्यापीठात प्रायोगिक भ्रूणशास्त्र रुजवलं. आपण त्याच गावात, त्याच प्राण्यावर काम करतोय याचं मला मनापासून अप्रूप होतं, अजूनही आहे.

दुकानातली अंडी या कामाला चालत नाहीत, ती फलित नसतात. उबवणी केंद्रातून फलित अंडी आणावी लागतात. साधारण १५ अंशांवर ठेवली की आतला भ्रूण थांबून राहतो. मरत नाही आणि वाढतही नाही. काही दिवस हे चालतं, फार लांबवलं की विकृत भ्रूण जास्त निघायला लागतात. काम सुरू करायचं त्याच्या आदल्या दिवशी अंडी ३८ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये आडवी ठेवायची, तळाला पाण्याचा ट्रे. अंडं आडवं ठेवलं की बलक आत फिरतो आणि भ्रूण वरच्या बाजूला येऊन थांबतो. तिथे कवचावर पेन्सिलीने खूण करायची.

दुसऱ्या दिवशी अंडं पेट्री डिशमध्ये फोडायचं. पिवळ्या बलकावर पांढुरकी चकती दिसते आणि तिच्या मधोमध काही मिलिमीटर लांबीची एक रेघ. तीच कोंबडी. तिला उचलायची रीत फार सुरेख आहे. फिल्टर पेपरचा छोटा तुकडा घ्यायचा, मध्ये भोक पाडायचं, आणि भ्रूण भोकाच्या बरोबर मध्ये येईल असा तो बलकावर ठेवायचा. बलकावरचा पातळ पडदा कागदाला चिकटतो. कागदाच्या कडेने पडदा कापत जायचं आणि कागद तिरका उचलायचा. पडदा ढोलाच्या कातड्यागत ताणलेला राहतो, भ्रूण त्याला चिकटून येतो. सलाईनमध्ये बलक धुऊन टाकायचा आणि पोटाची बाजू वर करून आगर आणि पातळ पांढऱ्या बलकाच्या मिश्रणावर ठेवून द्यायचा. कवचाबाहेर, काचेच्या बशीत, भ्रूण एखादा दिवस व्यवस्थित वाढतो. काचेच्या कड्यावर पडदा ताणून भ्रूण वाढवण्याची पद्धत डेनिस न्यू यांनी १९५५ साली दिली. कागदाची ही सोपी आवृत्ती २००१ सालची.

मला वाटायचं, सोमाइट होताना दिसण्यासारखं काही नसेल, तासाने पाहिलं की एक वाढलेला असेल एवढंच. सीनिअर ताई म्हणाली, "गरम प्लेटवर ठेव आणि एक तरी अख्खा होताना बघ. मधे उठू नकोस."

बसले. दहा सोमाइटांच्या आसपासचा भ्रूण होता. हृदयाची नळी नुकती थरथरायला लागली होती. ठोके अजून लयीत नव्हते, मधूनच एक आकुंचन यायचं आणि थांबायचं. शेवटच्या सोमाइटच्या मागे शेपटापर्यंत दोन्ही बाजूंना सलग, मऊ, एकसारख्या पेशींचा पट्टा असतो. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे पीएसएम म्हणतात. पुढचे सोमाइट यातूनच निघणार असतात. बराच वेळ त्यात काही होत नाही. मग वरच्या टोकाजवळ एक सावली दिसायला लागते. आपल्या डोळ्यांचा भास असावा इतकी पुसट. फोकस वर-खाली केला की सावली जागेवरच राहते. हळूहळू तिची खाच होते, खाचेच्या पुढच्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात, मोकळ्या विखुरलेल्या असतात त्या कडेला रांगेत उभ्या राहतात, आणि खाच आरपार जाते. ठोकळा वेगळा झालेला असतो. आणि मग नजर दुसऱ्या बाजूला जाते: तिथेही त्याच उंचीवर, जवळजवळ त्याच क्षणी तसाच ठोकळा. मध्ये मज्जानलिका, तरी डावं-उजवं एका वेळेला. हे पाहिल्यावर कुठेतरी घड्याळ आहे हे मला कुणी पटवून द्यायची गरज उरली नाही.

घड्याळाची कल्पना मांडली तेव्हा ते कुणी पाहिलेलं नव्हतं. १९७६ साली जीवशास्त्रज्ञ जॉनथन कुक आणि गणितज्ञ ख्रिस्तोफर झीमन यांनी एक सैद्धांतिक लेख लिहिला. म्हणणं असं: पीएसएममधल्या प्रत्येक पेशीत काहीतरी तालात चालू-बंद होत असावं, आणि त्याच वेळी परिपक्वतेची एक सीमा डोक्याकडून शेपटाकडे सरकत असावी. सीमा पेशींवरून गेली की त्या क्षणी घड्याळ जिथे असेल तिथे पेशी पक्क्या होतात. घड्याळाच्या एका फेऱ्यात सीमा जेवढी सरकली तेवढ्या पेशींचा एक सोमाइट. म्हणजे सोमाइटची लांबी सीमेच्या वेगाला घड्याळाच्या काळाने गुणलं की मिळते. इतकं साधं गणित, आणि शरीराच्या खंडांचं माप त्यातून निघतं. मला हा लेख या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो, कारण हातात एकही जनुक नसताना तो लिहिला गेला.

पुरावा मिळायला २१ वर्षं गेली. त्याचं कारण कळलं की प्रयोगाची गंमत कळते. जनुक कुठे चालू आहे हे पाहायचं तर भ्रूण रसायनात मारून पक्का करावा लागायचा. म्हणजे प्रत्येक भ्रूणातून एकच स्थिर चित्र. त्याच वयाच्या पाच भ्रूणांत पाच वेगळी चित्रं आली तर माणूस म्हणणार, प्रयोग नीट झाला नाही, रंग कमी-जास्त लागला. मार्सेयला ऑलिव्हिए पुर्किए यांच्या प्रयोगशाळेत इझाबेल पालमेइरिम ही पोर्तुगीज विद्यार्थिनी फळमाशीच्या 'हेअरी' या जनुकाचा कोंबडीतला भाऊबंद तपासत होती. फळमाशीत हे जनुक शरीराचे पट्टे पाडण्यात भाग घेतं. कोंबडीत ते पीएसएममध्ये दिसलं, पण दर भ्रूणात वेगळ्या जागी. हा गोंधळ तिने चूक म्हणून टाकून दिला नाही. तिने भ्रूणाचे उभे दोन भाग केले. डावा भाग लगेच पक्का केला, उजवा काही वेळ जिवंत ठेवून मग पक्का केला. डावं-उजवं एका वेळेला चालतं हे माहीत असल्यामुळे दोन अर्ध्यांतला फरक हा फक्त वेळेचा फरक. एकाच जिवाचे दोन क्षण तिला मिळाले.

हेच मला करायचं होतं. पंधरा-वीस सोमाइटांचा भ्रूण घ्यायचा, शेपटाकडचा भाग शेवटच्या काही सोमाइटांसकट कापून वेगळा करायचा. मग टंगस्टनच्या सुईने मधोमध उभा छेद, मज्जानलिका आणि तिच्याखालचा पृष्ठरज्जू यांचे दोन भाग पडतील असा. ऊतक इतकं मऊ असतं की सुई ओढली तर ते ताणलं जातं; सुई वरून खाली दाबत, टोचत टोचत जावं लागतं. श्वास रोखून काम केलं की हात जास्त हलतो, हे सीनिअर ताईने शिकवलं: सावकाश श्वास सोडताना दाब द्यायचा. दोन्ही अर्धी साबूत निघाली की एक लगेच पक्कं करणाऱ्या पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये, दुसरं माध्यमाच्या थेंबात परत ३८ अंशांवर. कुपीवर भ्रूणाचा क्रमांक आणि 'अ' किंवा 'ब'. जोडी फुटली तर सगळंच गेलं, म्हणून मी दोन्ही कुप्या एकाच रबराने बांधून ठेवायचे.

पुढचं सगळं, म्हणजे इन सिटू हायब्रिडायझेशन, जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणारी पद्धत, हे रांधण्याइतकंच शिस्तीचं आणि लिहायला तितकंच रटाळ. मिथेनॉल, धुणं, प्रोटिनेज, पुन्हा पक्कं करणं, खूण लावलेला आरएनए प्रोब (त्या जनुकाच्या आरएनएला जाऊन चिकटणारा तुकडा) रात्रभर गरम द्रावणात, धुणं, अँटिबॉडी रात्रभर थंडीत, आणि पुन्हा दिवसभर धुणं. हातमोज्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, कारण बोटांवरचं एन्झाइम आरएनए खाऊन टाकतं. शेवटी रंगाचं द्रावण टाकून कुपी अंधारात ठेवायची. जनुक जिथे चालू होतं तिथेच जांभळा रंग चढतो. दर थोड्या वेळाने काढून पाहायचं. थांबवायला उशीर झाला तर सगळाच भ्रूण जांभळट होतो.

पहिली नीट जोडी समोर आली तेव्हा मी बराच वेळ फक्त 'अ' कडून 'ब' कडे आणि परत पाहत राहिले. 'अ' मध्ये पीएसएमचा शेपटाकडचा मोठा भाग जांभळा होता, वर रंग नव्हता. 'ब' पाऊण तास जास्त जगलेला. त्यात शेपटाचा रंग गेला होता आणि वरच्या बाजूला एक अरुंद, ठळक पट्टा होता. ९० मिनिटं जगवलेल्या दुसऱ्या एका जोडीत दोन्ही अर्ध्यांचं चित्र एकसारखं आलं, फरक एवढाच की 'ब' मध्ये एक सोमाइट जास्त होता. एक फेरा पुरा झाला होता. ज्या जनुकाच्या नावाने मी परीक्षेत 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' एवढंच लिहिलं असतं, ते जनुक ९० मिनिटांचा ताल धरून चालू-बंद होत होतं, आणि दर फेऱ्यात शेपटाकडून एक लाट निघून वर येत, अरुंद होत, नव्या सोमाइटच्या मागच्या अर्ध्यात स्थिरावत होती.

ही लाट म्हणजे पेशींचा प्रवास नाही, हे समजायला मला वेळ लागला. वाऱ्याने ज्वारीचं शेत डोलतं तेव्हा ताटं आपापल्या जागी असतात, पुढे जाते ती डोल. इथेही तसंच. प्रत्येक पेशी जागच्या जागी चालू-बंद होते, पण वरच्या पेशी खालच्यांपेक्षा थोड्या मागे पडत जातात, म्हणून डोळ्यांना लाट दिसते. कोंबडीत एखादी पेशी शेपटाच्या टोकाजवळून पीएसएममध्ये आल्यापासून सोमाइटमध्ये बसेपर्यंत साधारण बारा फेरे पाहते. बारा गुणिले ९० मिनिटं, अठरा तास.

मग हे चालवतं कोण? उंदरातलं उत्तर मला सर्वांत समाधानकारक वाटतं. हेस-७ नावाचं जनुक चालू होतं, त्याचं प्रथिन बनतं, आणि ते प्रथिन परत येऊन स्वतःचंच जनुक बंद करतं. प्रथिन लवकर तुटतं, जनुक पुन्हा मोकळं होतं, पुन्हा चालू. सगळी मेख उशिरात आहे. जनुक वाचायला, आरएनए छाटायला, तो केंद्रकाबाहेर जायला, प्रथिन बनायला जो वेळ लागतो तो काढून घेतला तर जनुक डोलणारच नाही, मधेच कुठेतरी स्थिरावेल. क्योटोतल्या रियोइचिरो कागेयामा यांच्या गटाने हे उंदरांत करून पाहिलं. हेस-७ प्रथिनाचं अर्धायुष्य २२ मिनिटांच्या जागी ३० मिनिटांचं केलं तर काही फेऱ्यांनंतर ताल विस्कटला आणि सोमाइट एकमेकांत मिसळले. जनुकातले इंट्रॉन, म्हणजे आरएनएमधून छाटून टाकले जाणारे तुकडे, काढले आणि छाटणीत जाणारा वेळच वाचवला, तर ताल उरलाच नाही. अर्धायुष्यातल्या आठ मिनिटांच्या फरकाने अख्खा पाठीचा कणा बिघडतो. इंट्रॉन म्हणजे जनुकातली अडगळ असं सर्रास शिकवलं जातं. हा प्रयोग कळल्यापासून मला ते शिकवणं खटकतं. इथे तर त्या लांबीतच वेळ साठवलेली आहे.

शेजारच्या पेशींची घड्याळं एका ठेक्यात ठेवायचं काम डेल्टा आणि नॉच ही पेशीच्या पृष्ठभागावरची जोडीदार प्रथिनं करतात. झेब्राफिशमध्ये ही जोडी बिघडली की सुरुवातीचे सोमाइट ठीक येतात आणि पुढचे वेडेवाकडे. पेशी आपापला ताल चालवत असतात, पण ठेका सुटत जातो.

घड्याळाच्या जोडीची ती सरकणारी सीमा एफजीएफ-८ या संकेत देणाऱ्या प्रथिनाच्या उतारामुळे, म्हणजे कमी कमी होत जाणाऱ्या प्रमाणामुळे ठरते. याची रचना ऐकून मी थक्क झाले होते. त्याचं जनुक फक्त शेपटाच्या टोकाशी वाचलं जातं. पेशी तिथून मागे राहिल्या की नवीन आरएनए बनत नाही, आधी बनलेला हळूहळू विरत जातो. त्यामुळे शेपटाशी भरपूर आणि वर जाल तसा कमी असा उतार आपोआप तयार होतो. वरून, तयार सोमाइटांकडून, रेटिनॉइक आम्ल उलटा जोर लावतं. उतार ठराविक पातळीच्या खाली गेला की पेशी पक्की व्हायला मोकळी. आमच्या शेजारच्या टेबलावर एकाने एफजीएफ-८ मध्ये भिजवलेला सूक्ष्म मणी भ्रूणाच्या एकाच बाजूच्या पीएसएमशेजारी बसवला होता. २००१ साली पुर्किए यांच्याच गटाने केलेला प्रयोग. दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. मण्याच्या बाजूला सोमाइट लहान लहान, दुसऱ्या बाजूला नेहमीसारखे. सीमा अडली म्हणून एका फेऱ्यात कमी पेशी वाट्याला आल्या. कुक आणि झीमन यांचा गुणाकार बशीत पडलेला होता.

तापमानाचं काम मी सुरू करायच्या आधीच ते एका रात्री आपोआप घडलं. रात्री वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. इन्व्हर्टर डीप फ्रीझरला जोडलेला, इनक्युबेटरला नाही. सकाळी मी घाबरतच अंडी फोडली. भ्रूण जिवंत होते, सुबक होते, फक्त अपेक्षेपेक्षा चार-पाच सोमाइट कमी. आणि जे होते ते आकाराने नेहमीसारखेच. थंडीने घड्याळ मंदावलं, पण वाढ आणि सीमासुद्धा त्याच प्रमाणात मंदावली, गुणाकार तोच राहिला. झेब्राफिशमध्ये हे पद्धतशीर मोजलं गेलं आहे: तापमानाने काळ बदलतो, सोमाइटची लांबी जवळपास बदलत नाही. उलट फक्त घड्याळच मंद केलं, जसं हेस-६ जनुक बिघडलेल्या झेब्राफिशमध्ये होतं, तर सोमाइट लांब होतात आणि संख्येने कमी भरतात. सापाने उलटं केलं आहे. कॉर्न स्नेक या सापात तीनशेहून जास्त सोमाइट होतात, कारण त्याचं घड्याळ त्याच्या वाढीच्या मानाने खूप जलद चालतं. माझ्या पुढच्या सगळ्या नियंत्रित नोंदींनी त्या रात्रीचंच चित्र दाखवलं, फक्त आता शेजारी तक्ता होता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध चाळला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे सगळं कोंबडीचं झालं. माणसाला याचं काय?"

मी आधी मणक्याचं सांगितलं. एक सोमाइट म्हणजे एक मणका नव्हे. प्रत्येक सोमाइटचा हाडाचा भाग पुढचा आणि मागचा असा दुभागतो, आणि एका सोमाइटचा मागचा अर्धा व पुढच्याचा पुढचा अर्धा मिळून मणका होतो. स्नायू मात्र मूळ सोमाइटप्रमाणेच राहतो, म्हणून तो दोन मणक्यांना जोडतो आणि पाठ वाकते. मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसाही पुढच्या अर्ध्यातूनच वाट काढतात. हा पुढचा-मागचा भेद पक्का करण्यात मेस्प-२ हे जनुक लागतं, आणि तेच सीमारेषाही आखतं. म्हणून घड्याळाचा एक फेरा चुकला तर नुसतं हाड नाही, नसांची मांडणीही चुकते.

मग आजार. काही बाळांत मणके अर्धवट किंवा एकमेकांना जुळलेले असतात, बरगड्या चिकटलेल्या, धड आखूड. या विकाराला स्पाँडिलोकोस्टल डिसऑस्टोसिस म्हणतात. आई-वडिलांकडून एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत आली की तो होतो. २००० साली डीएलएल-३ जनुकातला दोष सापडला, नंतरच्या वर्षांत मेस्प-२, लुनॅटिक फ्रिंज आणि हेस-७. सगळी याच घड्याळाची आणि त्याच्या सीमेची जनुकं. जन्मतः पाठ वाकडी असणाऱ्या चिनी रुग्णांच्या एका मोठ्या गटात २०१५ साली टीबीएक्स-६ हे जनुक पुढे आलं: एक प्रत निकामी आणि दुसरी किंचित कमजोर, अशी जोडी. आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण आपल्याकडे मुलाच्या पाठीत व्यंग निघालं की बोट लगेच आईकडे जातं. २०१२ साली उंदरांवर दिसलं की अशा जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या पिल्लांत, गर्भारपणात काही तास ऑक्सिजन कमी पडला तर मणक्यांचे दोष कितीतरी वाढतात. जनुक आणि परिस्थिती दोन्ही लागतात, आणि ते ज्या दिवसांत घडतं, माणसात साधारण विसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान, तेव्हा दिवस गेलेत हे पुष्कळ बायकांना धड कळलेलंही नसतं.

सर मान हलवत ऐकत होते. म्हणाले, "जनुकं तीच, मग उंदराचे दोन तास आणि माणसाचे पाच तास, हे कोण ठरवतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं, पण उत्तर माहीत होतं, कारण तोच प्रश्न मला कित्येक महिने सोडत नव्हता. माणसाच्या मूलपेशींपासून आता बशीत पीएसएमसारख्या पेशी करता येतात आणि त्यांत घड्याळ चालताना दिसतं. मिकी एबिसुया यांच्या गटाने २०२० साली उंदराच्या पेशीत माणसाचं हेस-७ बसवलं. घड्याळ माणसाच्या वेगाने चालेल अशी अपेक्षा कुणीही केली असती. ते उंदराच्याच वेगाने चाललं. म्हणजे वेग जनुकाच्या अक्षरांत नाही, पेशीत प्रथिनं किती वेगाने बनतात आणि तुटतात त्यात आहे. त्याच गटाने पुढे ससा, गाय, मार्मोसेट माकड आणि गेंडा यांच्या पेशींत घड्याळं मोजली. प्राण्याच्या वजनाशी त्यांचा मेळ बसला नाही, भ्रूणाच्या वाढीला एकूण किती काळ लागतो त्याच्याशी बसला. २०२३ साली पुर्किए यांच्या गटाने माणसाच्या पेशींत चयापचयाचा एक तोल, एनएडी प्लस आणि एनएडीएच या ऊर्जेच्या व्यवहारातल्या दोन रेणूंचं प्रमाण, बदलून घड्याळ थोडं जलद करून दाखवलं.

"कोंबडीत कुणी हे केलंय?" सरांनी विचारलं.

माझ्या वाचनात तरी आलेलं नव्हतं, तसं मी सांगितलं. त्यांनी प्रबंध मिटला आणि मॅडमकडे पाहून म्हणाले, "मग हिला अंडी मिळतात ना अजून?" त्या महिन्यात मी पीएच.डी.च्या अर्जात तोच प्रस्ताव लिहिला: अर्धा भ्रूण साध्या माध्यमात, अर्धा चयापचय बदलणाऱ्या माध्यमात, आणि दोन्ही अर्ध्यांतल्या लाटांची तुलना.